जयमालाचा दमा

"दमा मलाच का दिलास गं?" जयमाला माझ्या कानाशी लागून पुटपुटली. "वरच्या ऋताला द्यायचास. तशीही ती जिना चढताना धापा टाकते."

"ऋताला मी तिच्या पोराचं, ऋषीचं, खेळणं बंद होण्याचं कारण दिलंय," मी तितक्याच हळू म्हटलं. "एकेकीला दोन दोन कारणं दिली तर शेवटच्यांना काय देऊ?"

"मग मला उजेड दे."

"उजेड तळमजल्याला गेला. सही कर. धुळीचा दमा आहे, बांधकाम संपलं की आपोआप बरा होईल."

तिने सही केली, पण पेन ठेवताना एकदा खोकून बघितलं. जमतंय का ते बघत असावी.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या ऑक्टोबरातली. कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीत अडतीस घरं, आणि मागे एक मोकळा प्लॉट. मोकळा म्हणजे नकाशात मोकळा. आमच्या लेखी तो आमचाच होता. तिथे पोरं क्रिकेट खेळत, गणपतीचा मांडव पडे, कुणी कढीपत्ता लावला होता, कुणी तुळस. आमचे सेक्रेटरी नंदकुमार, म्हणजे जयमालाचे मिस्टर, त्यांनी तर एक बाकही आणून ठेवला होता, वडिलांचं नाव घालून. पुढेमागे तिथे बाग होणार असं आम्ही ठरवून टाकलं होतं. ज्यांनी ठरवायचं त्यांना तेवढं कळवायचं राहिलं होतं.

मग पेपरात नोटीस आली. वस्ती वाढते आहे, नव्या घरांची सोय करायची आहे, सबब सुधारित आराखड्यात त्या प्लॉटवर एकेका खोलीची दोनशे चाळीस घरं. अल्प उत्पन्न गटासाठी. हरकती व सूचना असतील त्यांनी तीस दिवसांत लेखी कळवाव्यात.

त्याच संध्याकाळी गच्चीवर मीटिंग भरली. जो तो 'इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणत होता. तो शब्द आमच्यात त्या दिवशीच आला आणि पहिल्याच दिवशी त्याला भरपूर काम पडलं. पार्किंगचं टेन्शन, पाण्याचं प्रेशर, शाळेतल्या ॲडमिशनी. "आपला विरोध घरांना नाही हं," असं नंदकुमार दर पाच मिनिटांनी म्हणत होते. मग कशाला आहे, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नंदकुमारांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, की एकाच मजकुराचे अर्ज कितीही आले तरी ते मिळून एकच हरकत धरतात. म्हणजे अडतीस घरांच्या अडतीस निरनिराळ्या हरकती हव्यात. शिवाय अक्षर सुवाच्य हवं. हे म्हणून झाल्यावर सगळी गच्ची माझ्याकडे बघायला लागली.

माझी शाळा सातवीत सुटली. पण अक्षर देवाने बरं दिलं, आणि शब्द मी मिळेल तिथून गोळा केले. सोसायटीतल्या बारशाच्या पत्रिकेपासून गॅसच्या तक्रारीपर्यंत सगळं माझ्याच हातचं. आमचे हे, श्यामसुंदर, म्हणतात, "मालनला फक्त कारण द्या, निबंध ती आणते." ह्या खेपेला कारणंही मलाच आणायची होती.

खोटं कशाला बोलू, मजा आली. पहिली दहा सहज गेली. पंधराव्याला मी खाडीवरचा वारा अडवला. एकविसाव्याला एका आजोबांचा सकाळचा फेरफटका बुडवला. ते आजोबा दहापर्यंत उठत नाहीत. बत्तिसाव्या अर्जात काही सुचेना तेव्हा पक्षी आणले. "दुर्मिळ पक्षी लिहू?" मी ह्यांना विचारलं. "कावळे आहेत," हे म्हणाले, "पण आपल्याकडे येणारे दुर्मिळच." मी दुर्मिळ लिहिलं.

रविवारी सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझा स्वतःचा अर्ज तेवढा राहिला. घरचंच काम, मागून लिहीन म्हटलं. शुक्रवार शेवटची तारीख होती.

आणि बुधवारी चंद्राबाई आली.

चंद्राबाई बोनकोड्याची. गाव आमच्या पाठीलाच, मध्ये एक नाला आणि तो प्लॉट. बुधवार, शुक्रवार, रविवार ती पाटी घेऊन येते, तळमजल्यापासून हाक देत चढते, आणि आमच्या दाराशी येईपर्यंत पाटीत शेवटचे बोंबील उरलेले असतात. ते मलाच घ्यायला लावते. आम्हा दोघींत अहोजाहो नाही. ते का नाही, हे सांगायचं तर अठ्ठ्याऐंशी साली जायला हवं.

अठ्ठ्याऐंशीत आम्हाला सोडतीत हे घर लागलं. लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं होतो. चावी हातात आली त्या दिवशी मी दोन खोल्यांतून नुसतीच चालत राहिले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना कुणाला ओलांडावं लागत नाही, ह्या एका गोष्टीसाठी मी आजही रोज दिवा लावताना हात जोडते. पण घर होतं, नळही होते, आणि नळाला पाणी नव्हतं. मोठी लाइन यायची होती. आज येईल, उद्या येईल. पहिल्या आठ कुटुंबांतली दोन तर चाव्या परत करायच्या गोष्टी बोलू लागली.

तेव्हा आम्ही बायका हंडे घेऊन बोनकोड्याच्या विहिरीवर गेलो. जाताना पाय जड झाले होते. ह्याच गावाच्या शेतांवर आमच्या इमारती उभ्या, आणि आता आम्ही पाणीही मागायला निघालेलो. विहिरीवरच्या बायका हातातले दोर थांबवून बघत राहिल्या. एक म्हातारी फणकारली, "जमीन नेली, आता पानी बी न्या."

चंद्राबाई तेव्हा दोर ओढत होती. तिने वर न बघता म्हटलं, "पान्याला आल्यात, भांडाया नाय. भरू दे त्यांना." आणि स्वतःची कळशी बाजूला करून माझा हंडा भरून दिला.

अकरा महिने आम्ही ती विहीर उपसली. दोराला गाठ कशी मारायची, चुंबळ कशी ठेवायची, सगळं तिने शिकवलं. जयमालाला तेव्हा सातवा लागला होता. तिला हंडा उचलताना बघून चंद्राबाई एवढी ओरडली की नंदकुमार गॅलरीत आले. "भरल्या पोटाची बाई पानी व्हाते, न् तू वरून बगतोस?" तेव्हापासून रोज पाटी विहिरीवर ठेवून ती जयमालाचा हंडा दोन जिने चढवून द्यायची. श्रुती झाली ती बुधवारी. चंद्राबाई सुके बोंबील घेऊन दवाखान्यात गेली होती, बाळंतिणीला दूध येतं म्हणून.

मग लाइन आली. नळ वाहायला लागले. आमचं विहिरीवर जाणं थांबलं, ते थांबलंच.

तर बुधवारी ती खाली कुठे न थांबता थेट आमच्या दाराशी आली, पाटी उतरवली आणि विकायच्या आधी उंबऱ्यात बसली.

"वैनी, तुजा अक्षर लय चांगला हाय, समदी बोलतान. मना एक अर्ज लिवून दे."

"कसला गं?"

"तुमच्या मागं घरां बांधतान ना? बांधू का नको, ते इचारतान बोलं. मी बोलते, बांधा."

मी पंखा वाढवला. मला काहीतरी करायला हवं होतं.

तिचं असं होतं. गावातल्या ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदल्यात प्लॉट मिळायचे होते. चंद्राबाईचं सासर मिठागरावर राबणारं. मीठ दुसऱ्याचं, जमीन दुसऱ्याची. नवरा, गणू, गेला त्याला सहा वर्षं झाली. राहती खोलीसुद्धा दिराच्या, सितारामच्या, नावावर. त्या एका खोलीत थोरला वामन, त्याची बायको, त्यांची रुतिका, धाकटा धनेश आणि ही. धनेश कंपनीत फिटर, पोरगा सरळ. लग्न ठरलेलं, पण सुपारी फुटायची राहिलेली.

"पोरीचा बापूस बोलतो, निजाची जागा दाखव, मंग हलद लावू. तो बी खोटा नाय बोलत. मी आताच पडवीत निजतंय. नवी नवरी आली तं वामनची बायको कुटं जाईल? तुलशीच्या लग्नापरत तो थांबनार हाय. मंग दुसरा ठिकाना बगनार."

"चंद्राबाई, घरं बांधून व्हायला वेळ लागेल. मग सोडत निघेल. लागेलच असं नाही."

"नाय लागंल तं नाय. पन बांधनार हाय, असा कागुद दाखवला तं बापूस थांबंल. लिव तू."

मी लिहायला घेतलं. ती सांगत गेली, मी तिचं बोलणं कागदाच्या भाषेत बसवत गेले. आम्ही इथलीच. लांब पाठवू नका, धंदा इथे आहे. ज्यांना जमीन नव्हती म्हणून काहीच मिळालं नाही, अशांना गावातल्या गावात चार घरं ठेवा. मुद्देसूद बोलत होती. मी अडतीस घरांसाठी घाम गाळून जी कारणं आणली होती, त्यातलं एकही ह्याच्या जवळपास जात नव्हतं.

"आता लिव, मना कोन कोन वलखतं," ती म्हणाली.

"ते कशाला?"

"लागतं. रेशनकार्डाला बी दोघांची वलख लागली व्हती. लिव, जयमाला. तिचा हंडा मी चढवलाय. मंग ती ऋता, तिच्या पोराला खरूज जालेली तवा पाला दिला मी. मंग सेक्रेटरी." ती हसली. "तो बी लिव. वरडलेली मी त्याला, पन वलखतो. समदी सोसायटी लिव. शेजारी बरी हायत, त्यांची हरकत नाय, असा लिव."

माझं पेन थांबलं.

"शाई संपली?" तिने विचारलं.

"नाही. झटकते जरा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. चार हातांवर, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, तिच्या सगळ्या ओळखीच्यांच्या सह्यांचा गठ्ठा होता, सगळा माझ्या अक्षरातला. मी सांगितलं नाही. तिने सांगितलेली नावं एकाखाली एक लिहिली, आणि शेवटी 'त्यांची हरकत नाही' हेही लिहिलं. तिने अंगठा उठवला. मग पाटीतला सगळ्यात मोठा पापलेट काढून ओट्यावर ठेवला.

"लिवन्याचा," म्हणाली. मी नको म्हणाले तर म्हणते, "तुला नको तं नको, तुज्या अक्षराला हाय."

तो पापलेट ह्यांनी आवडीने खाल्ला. मला काटे लागत होते.

शुक्रवारी सकाळी नंदकुमार गठ्ठा न्यायला आले. माझा अर्ज अजून कोराच होता. घरांविरुद्ध लिहायला हात उचलेना, आणि बाजूने लिहायला छाती होईना. सोसायटीत राहायचं होतं. शेवटी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही केली आणि तो पक्ष्यांच्या अर्जाखाली सरकवून दिला. "अडतीस?" त्यांनी विचारलं. "अडतीस," मी म्हटलं. मोजले तर कागद अडतीसच होते.

सुनावणी पुढच्या मंगळवारी, वाशीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. सोसायटीने टेम्पो केला होता. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या, कुणी डबाही आणला होता. हरकत घ्यायला चाललोय की सहलीला, कळत नव्हतं. नंदकुमारांनी टेम्पोत बजावलं, "फक्त लिहिलंय तेवढंच बोलायचं." जयमाला माझ्या शेजारी बसून बारीक बारीक खोकत होती. सवय राहावी म्हणून.

टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या, सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा. त्यांनी आमचा गठ्ठा सोडला, चारपाच कागद चाळले, आणि मान वर केली.

"हे सगळं एकाच हातचं अक्षर आहे का?"

मी उभी राहिले आणि नाव सांगितलं.

"सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "पण एवढी मेहनत कशाला घेतलीत? एकच अर्ज करून खाली अडतीस सह्या केल्या असत्या तरी चाललं असतं."

अडतीस घरांनी माना वळवून नंदकुमारांकडे बघितलं. नंदकुमार छताकडे बघत होते.

"आणि अडतीसही नाहीत. हा एक कोरा आहे. नुसती सही." त्यांनी सही वाचली. "तुमचाच. मजकूर राहिला का?"

"सुचला नाही," मी म्हणाले.

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कोरा कागद बाजूला काढून ठेवला, टाकून दिला नाही.

"जयमालाबाई कोण? तुम्हाला दमा आहे?"

"धुळीचा," जयमाला म्हणाली, आणि खोकली. खोकला छान आला.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. चंद्राबाई आली होती, नवं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, मागे इस्त्रीच्या शर्टातला धनेश. तिने हॉलवरून नजर फिरवली आणि आम्हाला बघून तिचं तोंड असं उजळलं, की मी खाली बघितलं.

"गे बाय!" ती मोठ्याने म्हणाली. "समदी आल्यात!" आणि रांगेरांगेतून येत, कुणाच्या खांद्याला, कुणाच्या हाताला हात लावत, "एवढ्या लांब आल्यात माज्यासाटी. काम टाकून आल्यात. देव बरा करो तुमचा." ऋताच्या मांडीवर ऋषी होता, त्याच्या गालाचा तिने मुका घेतला.

 ऋताने पोराचा सॉक्स उगाच वर ओढला.

अधिकारी बाईंनी तिचं नाव पुकारलं, अर्ज शोधून काढला, आणि वाचायला लागल्या. आधी मोठ्याने. आम्ही इथलीच. धंदा इथे आहे. चार घरं ठेवा. मग त्या नावांच्या यादीशी आल्या, आणि त्यांचा आवाज हळू झाला. त्यांनी एक हात आमच्या गठ्ठ्यावर ठेवला, दुसऱ्या हातात तिचा अर्ज. दोन्हीकडे तेच अक्षर. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

धनेश टेबलापाशी उभा होता. त्याला वाचता येतं. वरच्याच कागदावर ठळक 'हरकत' लिहिलेलं, माझ्या सुवाच्य अक्षरात, आणि खाली नंदकुमारांची सही. त्याने ते वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"आये, चल," तो हळूच म्हणाला. "नको आपल्याला."

"आरं थांब! यांनला इचारू दे." ती बाईंकडे वळली. "साक्षीदार हायत ना समदी. ही काय बसल्यात बगा. इचारा कुनाला बी, चंद्राबाईला वलखता का. आठ वर्सं मासली देतंय त्यांना."

"चंद्राबाई," बाई म्हणाल्या, शब्द जपून वापरत, "तुम्ही ह्यांची हरकत नाही असं लिहिलंय."

"नायच. आमचा त्यांचा पान्यापासना हाय."

 बाईंनी हॉलला विचारलं, "ह्यावर कुणाला काही बोलायचंय?"

मला बोलायचं होतं. अक्षर माझं होतं, कागद माझा होता, पापलेट मी घेतला होता. मी खुर्चीचे हात धरले आणि तशीच बसून राहिले. शेजारी खुर्ची सरकली.

"जया, खाली बस," नंदकुमार म्हणाले आणि त्यांनी तिचा पदर धरला. तिने तो ओढून घेतला.

"मॅडम, मला दमा नाही," जयमाला म्हणाली. आता तिचा श्वास खरंच लागला होता. "कुणालाच काही नाही. उजेड आहे, वारा आहे, पक्षी कावळे आहेत. आम्हाला एका खोलीतली माणसं शेजारी नको होती, दारात मासळीचा वास नको होता, एवढंच कारण. आणि ही बाई नसती तर पहिल्याच वर्षी आम्ही चाव्या परत करून गेलो असतो. माझी श्रुती पोटात होती तेव्हा हिने माझा हंडा रोज दोन जिने चढवला. आम्ही आलो तेव्हा हिने हरकत घेतली नव्हती."